गायनाच्या मेळाव्यातलं भाषांतर

देवराव काकांच्या वावरातली कापसाची पऱ्हाटी उपटून झाली की आमच्या घरी गायनाच्या मेळाव्याची बोलणी सुरू व्हायची. पांढरकवड्याहून झरीकडे जाताना आमचं गाव लागतं. गावाच्या टोकाला मिशन कंपाउंड आणि त्याला लागूनच काकांचं वावर. मध्ये फक्त काट्यांचं कुंपण. काका कुणबी, आमच्या चर्चशी त्यांचा काही संबंध नव्हता. पण गावच्या भजनी मंडळात ते पेटी वाजवायचे, आणि पेटीचे सूर बिघडले की माझे बाबाच ती उघडून दुरुस्त करून द्यायचे. त्या देवघेवीतून वावर तीन दिवस मांडवासाठी मिळायचं आणि काका स्वतः पहिल्या रांगेत येऊन बसायचे. प्रवचन सुरू झालं की तंबाखू मळायला बाहेर जायचे, गाणं सुरू झालं की परत आत. याचं कोणालाच काही वाटत नसे.

बाबा कंपाउंडातल्या शाळेत मास्तर होते आणि चर्चच्या कमिटीत होते. मेळावा त्यांनीच सुरू केलेला. आमचं घर दोन खोल्यांचं, कवेलूच्या छपराचं, आणि त्या दिवसांत ते घर राहतच नसे. समोरच्या खोलीत तबल्यांची रांग लागायची. बाबा हातोडीने ठोकठोक करत एकेक लावत बसायचे, आणि मधेच ओरडून सगळ्यांना गप्प करायचे, कारण त्यांना सूर ऐकू येत नसे. मागच्या अंगणात आईचं राज्य होतं. तिथे गोवऱ्यांचा ढीग, कणकेच्या पराती, बसून वांगी चिरणाऱ्या बाया, आणि त्या सगळ्यांवरून मांडवातला भोंगा दर पाच मिनिटांनी हॅलो हॅलो करत राहायचा. जेवणाला रोडगेच असत. जाड कणकेचे गोळे निखाऱ्यात भाजायचे, राख झटकायची, फोडून तुपात बुडवायचे, वर वांग्याची झणझणीत भाजी. पुसदची मंडळी, बाभुळगावची मंडळी, झरी जामणीच्या जंगलातल्या पोडांवरून, म्हणजे त्यांच्या छोट्या वस्त्यांवरून, चालत येणारे कोलाम आदिवासी, सगळे एकाच पंगतीला बसायचे. आता मेळाव्याला केटरर येतो आणि पुलाव असतो. मी दोन वर्षांपूर्वी गेले होते. पुलाव चांगला होता.

सकाळी वर्ग असत. 'सेमिनार' हा शब्द नंतर नागपूरकडच्या पाहुण्यांबरोबर आला, आणि वर्गापेक्षा वजनदार वाटला म्हणून टिकला. कडुलिंबाखाली बाबांचा सूर-तालाचा सेमिनार, शाळेच्या मोठ्या खोलीत पाहुण्या प्रवचनकारांचा. कधी 'घरातली उपासना', कधी 'तरुणांमधली सेवा', कधी आणखी काही. दुपारी झोप, आणि उन्हं उतरली की गावोगावच्या मंडळींची भजनं. शेवटी प्रवचन आणि मग प्रार्थनेची वेळ. ज्यांना दुखणंखुपणं असेल, मनात काही असेल, ते पुढे यायचे. पाहुणे त्यांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायचे. मला लहानपणापासून त्या वेळेची थोडी भीती वाटायची. लोक मोठ्याने रडत, आणि सकाळी पाहिलं तर तेच लोक हसतखेळत दात घासत असत.

मेळाव्याचं गाणं म्हणजे माझी ताई. तिचं नाव करुणा. माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. तिचा आवाज वरच्या पट्टीत सहज जायचा आणि तिथे गेल्यावर बारीक होत नसे. देवराव काका म्हणायचे की मास्तरच्या पोरीचं गाणं ऐकलं की आपल्याला आपली पेटी विकावीशी वाटते. मग तिच्या गळ्याला गाठ आली. नागपूरला ऑपरेशन झालं. आवाजाची नस दुखावू शकते, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, आणि तसंच झालं. आवाज गेला असं म्हणता येणार नाही, कारण ती बोलायची. पण तो आवाज खालचा, खरखरीत, वाक्याच्या शेवटी नुसती हवा उरणारा. गायला लागली की दोन-तीन सुरांनंतर काहीच निघत नसे.

पुढच्या मेळाव्यापासून ती आईबरोबर रोडग्यांवर बसायला लागली, आणि मांडवात तिच्या जागी मी उभी राहायला लागले. मला शिकवलं तिनेच. स्वतः न गाता पेटीवर बोट ठेवून बसायची. मी चुकले की तीच पट्टी पुन्हा दाबायची, बरोबर येईपर्यंत. कधी रागावली नाही, कधी वाहवाही केली नाही. घरात तिच्या आवाजाबद्दल कोणी बोलत नसे. बाबा मात्र तिच्यासमोर तबला लावायचंही टाळायचे, हे मला दिसत होतं.

त्या वर्षी बाबांनी पैनगंगेपलीकडून, तेलंगणातून, ब्रदर आशीर्वादम यांना बोलावलं. आजाऱ्यांसाठी प्रार्थना करण्याबद्दल त्यांचं त्या भागात मोठं नाव होतं. कमिटीला बाबांनी सांगितलं की नवीन माणूस ऐकायला मिळेल. घरात मात्र सगळ्यांना कळलं, बोलावणं ताईच्या गळ्यासाठी होतं. ब्रदरना फक्त तेलुगू येत होतं, हिंदी तोडकीमोडकी. पण आमची आई आदिलाबादकडची, बाबांचीही पहिली नोकरी तिकडेच झालेली, त्यामुळे भाषांतर बाबाच करणार होते. ताई लहानपणी काही वर्षं मामांकडे राहून शिकली होती, तिचं तेलुगू आईइतकंच साफ होतं. मला समजायचं, बोलता यायचं नाही. आई आमच्यावर रागवायची ते तेलुगूतच, म्हणून मला रागाचे शब्द जास्त येत.

बाबांनी बातमी सांगितली तेव्हा आई जात्याजवळ बसली होती. तिने एवढंच विचारलं, "तिले इचारलं काय?"

बाबा म्हणाले, "इचारायचं काय त्यात? प्रार्थनाच तं हाय."

ताई तिथेच तूर निवडत होती. बाबांना वाटतं तर येऊ द्या, असं ती म्हणाली आणि सुपातले खडे वेचत राहिली. आईने विषय तिथेच सोडला, पण त्या दिवशी ती बाबांशी तेलुगूतच बोलली.

ब्रदर आशीर्वादम मला वाईट माणूस वाटले नाहीत, हे आधीच लिहून ठेवते. या प्रकरणात पुढे जे येतं त्यावरून कोणाचा तसा समज होईल. ते जाडसर, सावळे, पांढरा सदरा आणि चकचकीत काळे बूट घालणारे होते. आमच्या काळ्या मातीत ते बूट पहिल्या तासातच गेले. पंगतीत बसून त्यांनी रोडगे हाताने फोडले, आईच्या हातचं लोणचं दोनदा मागून घेतलं, आणि ती आदिलाबादची आहे हे कळल्यावर तिच्याशी तिकडच्या पावसापाण्याबद्दल बराच वेळ बोलले. व्यासपीठावर मात्र त्यांचा आवाज बदलायचा. बाबा अर्धं पाऊल मागे उभे राहून भाषांतर करायचे. ब्रदरचं लांबलचक वाक्य बाबांच्या तोंडून निघताना आटोपशीर होऊन निघायचं, आणि लोकांना ते आवडायचं.

दुसऱ्या दिवशी, दिवेलागणीच्या सुमारास, भजनं संपून प्रार्थना सुरू झाली. मी व्यासपीठाच्या कडेला पेटीवर होते. बरेच लोक पुढे आले. बाभुळगावच्या एका बाईने कंबर मोकळी झाली म्हणून सांगितलं. तिला खरंच बरं वाटलं असेल. मी त्याबद्दल तेव्हाही काही म्हटलं नाही, आताही म्हणत नाही. मग ब्रदरनी बाबांकडे पाहिलं, आणि बाबांनी माइकवरून ताईला हाक मारली.

ती मागच्या अंगणातून आली. हाताला कणीक होती, ती पदराला पुसत मांडवाच्या मधल्या वाटेने चालत आली आणि पुढे येऊन उभी राहिली. मांडवातल्या सगळ्यांना तिचं गाणं माहीत होतं, त्यामुळे कोणी काही सांगायची गरज पडली नाही. ब्रदरनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि डोळे मिटले. प्रार्थना पुष्कळ लांबली. मांडवातले लोकही मोठ्याने प्रार्थना करत होते, आणि माझ्या शेजारचा तबलजी मुसमुसत होता. बाबांनी त्या प्रार्थनेचं भाषांतर केलं नाही, ते स्वतःच डोळे मिटून उभे होते. मग ब्रदरनी हात काढला आणि तेलुगूत म्हणाले, गा.

बाबांनी म्हटलं, "गा."

मी तिच्या जुन्या पट्टीतला सूर दिला. खरं तर कोणता द्यावा हे मला कळत नव्हतं, पण बोट तिथेच गेलं. ताईने ओळ उचलली. पहिला सूर आला, दुसरा आला, तिसऱ्याला हवा. ती थांबली, खाली पाहून पुन्हा सुरुवात केली, आणि पुन्हा तिथेच अडली. तिसऱ्यांदा तिने केलं नाही. मागच्या अंगणातल्या निखाऱ्यांची तडतड मांडवात ऐकू येत होती. देवराव काका, जे एरवी अशा वेळी बाहेर असायचे, ते जागचे हलले नव्हते.

ब्रदर माइककडे वळले आणि एक वाक्य बोलले. मला ते समजलं. आईला समजलं असणार, ती मांडवाच्या कनातीपाशी येऊन उभी होती. बाबांनी तोंड उघडलं नाही. ब्रदर थोडं थांबले, बाबांना ऐकू गेलं नसावं असं त्यांना वाटलं, आणि त्यांनी तेच वाक्य सावकाश पुन्हा म्हटलं. बाबा माइक धरून खाली पाहत राहिले.

देवराव काकांनी पहिल्या रांगेतून विचारलं, "मास्तर, काय म्हणून राह्यले ते?"

बाबा म्हणाले, "काही नाही."

तेव्हा ताईने त्यांच्या हातातून माइक घेतला. हिसकावून नाही, घरात एखादं भांडं हातातून घ्यावं तसा. ती म्हणाली, "ब्रदर म्हणते, या पोरीच्या मनात इश्वास नाही, म्हणून देवाचा हात अडला. बाबानं नाही सांगतलं, तं मी सांगतो." आमच्याकडे बायकाही 'सांगतो' म्हणतात. मग ती जराशी थांबली, तिला दम घ्यावा लागत असे. "इश्वास हाय. आवाज नाही. रोडगे जळतीन, मी जातो."

तिने माइक बाबांच्या हातात परत दिला आणि आली त्याच वाटेने निघून गेली. बाबांनी पुढचं गीत सांगितलं, मी वाजवलं, लोकांनी म्हटलं. नंतर पंगत बसली. रोडगे काही जळले नव्हते. पंगतीत ताई वाढायला आली की लोक तिच्याकडे पाहत आणि लगेच पानात पाहत. ब्रदरनी आपलं ताट शाळेच्या खोलीत मागवून घेतलं.

सकाळी त्यांचा सेमिनार होता, आणि विषय नेमका 'आजाऱ्यांसाठी प्रार्थना' हाच. लोक शाळेच्या खोलीत जाऊन बसले. बाबा मात्र कडुलिंबाखाली तबल्याची वादी आवळत बसून राहिले. आमच्या चर्चचे पाळकसाहेब त्यांना न्यायला आले. फार मऊ स्वभावाचा माणूस. म्हणाले की मास्तर, पाहुण्याला आपणच बोलावलं, लोक खोळंबलेत, आजचा दिवस निभावून न्या.

बाबा म्हणाले, "बोलावलं म्याच. का बोलावलं तेही मलेच ठाऊक. पण त्या माणसाचे शब्द आता माह्या तोंडातून निंघत नाही, साहेब. मी काय करू?"

पाळकसाहेबांनी आईकडे पाहिलं. आईने विळीवरून मान वर केली नाही. तेव्हा ताई चुलीपासून उठली, हंड्यातलं पाणी घेऊन हात धुतले, तोंड धुतलं आणि चालायला लागली. आईने विचारलं, "कुठी चालली?" ताई म्हणाली, "शाळेत." मी तिच्या मागे गेले. मला वाटलं ती ब्रदरना काही बोलणार, आणि ते मला ऐकायचं होतं.

ती काही बोलली नाही. ब्रदर फळ्यासमोर पुस्तक उघडून हिंदीची जुळवाजुळव करत होते आणि ते कोणालाच कळत नव्हतं. ताई त्यांच्या शेजारी, बाबा उभे राहायचे तिथे, अर्धं पाऊल मागे उभी राहिली आणि तेलुगूत म्हणाली की बोला, मी सांगते. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि हिंदीचा नाद सोडला. मग बोलायला लागले.

त्या खोलीत माइक नव्हता. ताईचा आवाज मागच्या भिंतीपर्यंत पोचत नव्हता, म्हणून लोक सतरंजीवर सरकत सरकत पुढे आले. शेवटी सगळी खोली पुढच्या अर्ध्या भागात गोळा झाली. लहान मुलंसुद्धा गप्प होती, कारण जरा आवाज झाला तर वाक्य हरवत होतं. ती काही गाळत नव्हती, काही गुळगुळीत करत नव्हती. ब्रदर म्हणाले की जिथे विश्वास कमी तिथे उत्तर अडतं, तर तिने तेही सांगितलं, बाकीच्या वाक्यांच्याच सुरात. बाबा भाषांतर करताना वाक्यं आटोपशीर करायचे. तिचं वाक्य ब्रदरच्या वाक्याइतकंच लांब होतं, मध्ये दोनदा दम घ्यावा लागला तरी.

पुढे आयुष्यभर तिने हेच काम केलं. सीमेवरच्या गावांतून, दवाखान्यांतून, मेळाव्यांतून तेलुगूचं मराठी आणि मराठीचं तेलुगू. कोलामी शिकली, बंजाऱ्यांची गोरबोलीही मोडकीतोडकी. तांड्यावरच्या बाया तिला दवाखान्यात बरोबर न्यायच्या, कारण डॉक्टर काय म्हणाले ते ती पूर्ण सांगायची. तिचा आवाज कधी परत आला नाही. आताही ती मला मोबाइलवर आवाजी निरोप पाठवते, ते मला कानाला लावून दोनदा ऐकावे लागतात. बाबांनी पुन्हा कधी कोणाचं भाषांतर केलं नाही. मात्र तिच्यासमोर तबला लावायला लागले, आणि तो उतरला की चढला हे तिला विचारायला लागले. हे सगळं पुढचं. त्या सकाळी खोलीत काय झालं ते अजून पुरं सांगायचं आहे.

सेमिनार संपत आला तेव्हा पोडावरून आलेली एक बाई उठून उभी राहिली. मध्यम वयाची, हिरव्या लुगड्यातली. आदल्या संध्याकाळी ती प्रार्थनेला पुढे आलेली मला आठवत नव्हती. तिने ब्रदरकडे न पाहता ताईलाच विचारलं, "बाई, माहं लेकरू तापानं गेलं. रातदिस प्रार्थना केली मी. मंग माहाच इश्वास कमी पडला काय?"

ताईने ते तेलुगूत सांगितलं. मी नीट ऐकलं. तिने एकही शब्द इकडचा तिकडे केला नाही.

पुस्तकाचं पान ब्रदरच्या बोटाखाली होतं, ते त्यांनी उलटलं आणि पुन्हा मागे केलं. मग म्हणाले, नाही. ताईने सांगितलं, "नाही, म्हणते." बाई उभीच राहिली. तिला पुढचं हवं होतं. ब्रदर म्हणाले, मग का गेलं ते मला माहीत नाही, अम्मा. ताईने तेही सांगितलं. बाईने मान हलवली आणि खाली बसली.

त्यानंतर ब्रदर ताईकडे वळले आणि आवाज उतरवून तिच्याशी दोन वाक्यं बोलले. ती वाक्यं सभेसाठी नव्हती, हे तेलुगू न कळणाऱ्यालाही समजलं असतं. पण ताई तासभर त्यांचं प्रत्येक वाक्य उचलून पुढे देत होती, आणि तिने हेही तसंच उचललं. तोंड लोकांकडे केलं आणि त्याच सुरात म्हणाली, "ब्रदर म्हणते, काल माही घाई झाली, पोरी, मी तुले दुखावलं. अन् हे या लोकाइले सांगू नोको, म्हणते."

मग सगळ्यांत आधी हसली ती पोडावरची बाई, तोंडाला पदर लावून. मग मागची पोरं हसली, मग पाळकसाहेब. ब्रदर हसणाऱ्या खोलीकडे पाहत होते. त्यांनी ताईला तेलुगूत विचारलं, काय सांगितलंस त्यांना? ताई म्हणाली, तुम्ही म्हणालात तेच.

त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला आणि परत घातला. मग फळ्यासमोरची जागा सोडून ते पुढे आले आणि सतरंजीवर, त्या बाईच्या समोर मांडी घालून बसले. तासभर बोलून ताईला दम लागला होता, तीही त्यांच्या शेजारी बसली. त्यांनी बाईला तिच्या लेकराचं नाव विचारलं. ताईने ते मराठीत विचारलं, बाईने नाव सांगितलं, आणि त्या सकाळी पहिल्यांदाच ताईला भाषांतर करावं लागलं नाही.